माझ्या नवऱ्याला जेवणाची भीती वाटत होती

"याला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात," मानसोपचार डॉक्टर म्हणाले. "वजन वाढेल याची भीती इतकी बसते, की माणूस खाणं कमी करत जातो. शरीर संपत आलं तरी त्याला थांबता येत नाही."

माझे पती अंकुश वॉर्डातल्या कॉटवर बसले होते. एका हाताला सलाईन होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं होतं. मे महिना होता.

"पण डॉक्टर, हा मुलींचा आजार आहे ना?" त्यांनी विचारलं.

"मुलींमध्ये जास्त सापडतो. पुरुषांमध्ये कमी सापडतो, त्याचं एक कारण म्हणजे तिथं कुणी शोधतच नाही."

मी त्या आजाराचं नाव पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टरांना एका कागदावर ते मराठीत लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी दिलं. मला त्या क्षणी रडू आलं नाही. वर्षभर ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं, एवढंच वाटलं.

हे लिहिण्याचं कारणही तेवढंच आहे. अंकुश चौतीस वर्षांचे आहेत, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, एका मुलीचे वडील आहेत. असा माणूस जेवण सोडून मरणाच्या दारात जाऊ शकतो, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर ते लवकर ध्यानात यावं. लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं आहे. घरात मी त्यांना नावानं हाक मारत नाही, लिहिताना सोयीसाठी नाव वापरते.

आणखी एक. वजनाचे आकडे मी कुठंही लिहिणार नाही. असे आकडे वाचून दुसरा आजारी माणूस स्वतःशी तुलना करतो, असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं आहे.

सुरुवात अगदी शहाणपणाची होती. कारखान्यात सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली, त्यात अंकुश यांची शुगर सीमेवर निघाली. प्री-डायबेटिस, म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण वाटेवर आहे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडं वजन उतरवा, चालायला जा, गोड कमी करा. यात चुकीचं काहीच नव्हतं.

पण हे ऐकणारा माणूस कोण होता, ते त्या डॉक्टरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. माझे सासरे मधुमेहानं गेले. सांगोला तालुक्यात आमचं गाव आहे, घरची मेंढरं आणि कोरडवाहू शेती. सासऱ्यांच्या अंगठ्याला बाभळीचा काटा लागला, जखम चिघळली, आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखाली पाय गेला. रोजची मलमपट्टी अंकुश करायचे. तेव्हा ते कॉलेजात होते. त्या दिवसांबद्दल ते कधी बोलत नसत.

ते पहाटे चालायला जाऊ लागले. चहातली साखर सोडली. कँटीनमधले वडे सोडले. तीन-चार महिन्यांत चेहरा उतरला, पोट गेलं, शर्ट नीट बसायला लागले. शुगर नॉर्मल आली. कारखान्यात त्यांचं कौतुक झालं. लोक फोन करून विचारायचे, काय खाता, किती चालता. माझ्या माहेरचे म्हणाले, जावईबापू कॉलेजकुमार दिसायला लागले. मलाही अभिमान वाटायचा. मी स्वतः दोनदा चालायला गेले आणि सोडून दिलं. त्यांच्यासारखी जिद्द आपल्यात नाही, असं मी चारचौघांत सांगायचे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं वजन उतरलं. अंकुश थांबले नाहीत.

आता मागं वळून बघताना सगळं स्पष्ट दिसतं. तेव्हा एकेक गोष्ट सुटी सुटी समोर यायची आणि प्रत्येकीला काही ना काही कारण असायचं.

आधी भात बंद झाला. मग बाजरी चालेल, ज्वारी नको. मग भाकरी नकोच. भाजीवरचं तेल चमच्यानं काढायचं. शेंगाचटणीला तर हात लावायचा नाही. आमच्याकडं शेंगाचटणीशिवाय ताट वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, आणि हे घरचेच असून वाटी दूर सारायचे. कुठला पदार्थ चालतो आणि कुठला नाही, याचे नियम आठवड्याला बदलायचे. बदल एकाच दिशेनं व्हायचा. चालणाऱ्या गोष्टी कमी होत जायच्या.

मग एकत्र जेवणं थांबलं. कामावरून आले की म्हणायचे, "कँटीनला झालं माझं. तुम्ही बसा." सुट्टीच्या दिवशी बसले तरी एक पेरू तासभर पुरवायचे. त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे, ताटलीत ओळीनं मांडायचे आणि सावकाश एकेक उचलायचे.

आणि त्याच माणसाला स्वयंपाकाचं वेड लागलं. आधी कधी चहा केला नव्हता. आता दर रविवारी शेंगापोळ्या, धपाटे, मटणाचा रस्सा. मोबाईलवर सतत रेसिपीचे व्हिडिओ. केलेलं सगळं ते आम्हाला वाढायचे, समोर बसून आम्हाला खाताना बघायचे. "अजून एक घे की, रेखा," म्हणायचे. स्वतः चवही घ्यायचे नाहीत. शेजारणी मला म्हणायच्या, नशीबवान आहेस.

उपासही वाढले. सोमवार, शनिवार, चतुर्थी. सासूबाईंना बरं वाटलं, पोरगा देवाधर्माला लागला. मी सासूबाईंना आत्या म्हणते. त्या गावाकडंच असतात, महिन्या-दोन महिन्यांतून आमच्याकडं येतात. त्या स्वतः उपास करतात, पण चतुर्थीच्या दिवशी संध्याकाळी भूक लागली की सरळ सांगतात आणि चंद्र दिसायची वाट बघतात. अंकुश यांना उपास सोडायची घाई कधीच नसायची. चंद्र उगवला तरी काहीतरी काम निघायचं. हा फरक मला दिसत होता, पण त्याला काय म्हणायचं ते कळत नव्हतं.

एप्रिलात सोलापूरचा पंखासुद्धा गरम वारा फेकतो. त्या एप्रिलात अंकुश घरात स्वेटर घालून बसायचे आणि पंखा बंद करायला लावायचे. माझी मुलगी स्वरा घामोळ्यांनी रडायची. केस कंगव्यात भरून यायचे. हातांवर बारीक मऊ लव आली होती, लहान बाळाच्या अंगावर असते तशी. ते चिडके झाले होते. लग्न, जावळ, बारसं, कुठंही जेवायचं असेल तर यायचे नाहीत. पायऱ्या चढताना दम लागायचा, तरी पहाटेचं चालणं चुकायचं नाही. अंगात ताप असताना गेले तेव्हा मी दार अडवलं. त्यांनी मला बाजूला सारलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, असं आधी कधी झालं नव्हतं.

नवरा-बायको म्हणून आमचा संबंध बंद पडला होता. वय, कामाचा ताण, असं मी समजत होते. पुढं डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला तेव्हा कळलं की हेही लक्षणच. शरीर उपाशी असलं की जगायला लागत नाही ते सगळं आधी बंद करतं.

त्याआधीच, संक्रांतीला आत्या आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बया, हाडं दिसायल्यात की रं ह्याची," त्या म्हणाल्या. "रेखा, ह्याला जेवाय घालतीस का न्हाय?"

"मीच जेवत नाही आई. शुगरसाठी," अंकुश म्हणाले.

"तुझ्या बाला शुगर हुती. त्यो तर दोन भाकरी खायचा."

"म्हणूनच त्याचा पाय गेला."

रात्री आत्यांनी मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, कारखान्यात कुणीतरी करणी केली असंल, गावाकडं एकाला विचारून येऊ या. मी नको म्हटलं. पण माझ्याकडं तरी दुसरं उत्तर कुठं होतं?

मग तपासण्या सुरू झाल्या. वजन उतरतंय म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात पहिला टीबी येतो. छातीचा एक्स-रे झाला, थुंकी तपासली. टीबी नाही. थायरॉईड नॉर्मल. एचआयव्ही नाही. पोटाची सोनोग्राफी झाली. एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून बघतात. किंचित सूज, बाकी काही नाही.

दर वेळी वेटिंग रूममध्ये मी देवाचं नाव घेत बसायचे, की कॅन्सर निघू नये. रिपोर्ट चांगला आला की सुटल्यासारखं वाटायचं आणि घरी पोचेपर्यंत ते ओसरायचं. कॅन्सर नाही, टीबी नाही, मग हा माणूस वाळत का चाललाय?

अंकुश यांना मात्र प्रत्येक रिपोर्टनंतर हुरूप यायचा. "बघ, सगळं नॉर्मल. मी फिट आहे." डॉक्टर विचारायचे, जेवण कसं आहे? ते म्हणायचे, घरचं, साधं, वेळेवर. मी मध्ये बोलले की म्हणायचे, "बायकोला काळजीची सवय आहे डॉक्टर." डॉक्टर हसायचे. टॉनिक, प्रोटीन पावडर लिहून द्यायचे. पावडरचे डबे न उघडता कपाटात राहायचे.

एकदा घरी येऊन मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टरांना खरं सांगत नाही."

"काय खोटं सांगितलं? शुगर किती आली बघ की."

"मी शुगरचं विचारत नाही. तुम्ही दुपारी काय खाल्लं ते विचारते."

"तुला काय पाहिजे रेखा? पाय तुटलेला नवरा पाहिजे का?"

आजाराचा मुद्दा बरोबर वाटेल असा असतो, हे मी तेव्हा शिकले. त्याच्याशी वाद घालून जिंकता येत नाही.

स्वरा तेव्हा सीनियर केजीत होती. वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाचं चॉकलेट तिनं न खाता घरी आणलं आणि ओट्यावर माझ्यासमोर ठेवलं.

"मम्मी, हे खाल्लं तर पाय कापतात ना?"

मी विचारलं, कुणी सांगितलं.

"पप्पांनी. आजोबांचा कापला. पप्पा खात नाहीत म्हणून पप्पांचे दोन्ही आहेत."

मी तिला सांगितलं, एका चॉकलेटनं कुणाचा पाय कापत नाहीत, तू खा. तिनं कागद उघडला, वास घेतला आणि परत मिटला. "उद्या खाते," म्हणाली. हे वाक्य अंकुश यांचं होतं. शब्द तेच, आवाजही तसाच.

त्या दिवशी मी ठरवलं, की आता फक्त रक्त-लघवी तपासणारा डॉक्टर पुरणार नाही. कुणाकडं जायचं ते माहीत नव्हतं. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, तिथल्या बाईंना विचारून एका समुपदेशकांचं नाव मिळवलं. अंकुश म्हणाले, मी वेडा नाही. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. भेटीची वेळ ठरली होती. पण त्याआधीच कारखान्यातून फोन आला.

त्यांच्याबरोबर काम करणारे रफीकभाई बोलत होते. "भाभी, घाबरू नका. अंकुशला चक्कर आली, मशिनजवळच पडला. डोक्याला लागलेलं नाही. आम्ही गाडीतून हॉस्पिटलला नेतोय, तुम्ही थेट तिकडंच या."

मी पोचले तेव्हा त्यांना अतिदक्षता विभागात घेतलं होतं. छातीला वायरी होत्या. नाडी फारच मंद होती. याला ब्रॅडीकार्डिया म्हणतात. आम्ही दोघंही त्या मंद नाडीला चालण्याच्या व्यायामाचा फायदा समजत होतो. अंकुश ती घड्याळावर मोजून मला कौतुकानं सांगायचे. रक्तातलं पोटॅशियम खाली गेलं होतं. हृदयाचे ठोके नीट पडायला लागणारा हा क्षार. ते फार कमी झालं तर ठोका चुकतो आणि कधी कधी परत पडत नाही, असं ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी मला एका कागदावर सही करायला लावली. काय लिहिलंय ते वाचायला माझ्याजवळ चष्मा नव्हता. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिशियन मॅडम राऊंडला आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी जुनी फाईल चाळली, सगळे नॉर्मल रिपोर्ट बघितले आणि बंद केली. मग खुर्ची ओढून बसल्या. आमच्या सगळ्या फेऱ्यांत खुर्ची ओढून बसलेल्या त्या पहिल्या डॉक्टर.

"पत्नी इथं थांबल्या तर चालेल?" त्यांनी अंकुश यांना विचारलं. त्यांनी मान हलवली.

"उद्या सकाळी काट्यावर उभं राहिलात आणि वजन थोडं वाढलेलं दिसलं, तर काय होईल?"

मॅडमनी घाई केली नाही.

"मग मी दिवसभर..." ते म्हणाले आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "भीती वाटते."

"कशाची?"

"आधी पायाची वाटायची. आता नुसतीच वाटते."

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. हे रक्तात दिसत नाही, सांगावंच लागतं." त्याच दिवशी त्यांनी मानसोपचार डॉक्टरांना बोलावलं. सुरुवातीला सांगितलेलं बोलणं त्यानंतरचं, वॉर्डात हलवल्यावरचं.

निदान झाल्यावर मला वाटलं, आता पोटभर खाऊ घातलं की झालं. तसं नसतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम अन्न पडलं तर रक्तातले क्षार अचानक खाली जातात आणि हृदय बंद पडू शकतं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. त्यामुळं सुरुवातीला थोडं थोडं, मोजून, रोज रक्त तपासत देतात.

आत्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या गावाकडून एसटीनं आल्या. पिशवीत दशम्या, तुपातली लापशी आणि मटणाचा डबा. सिस्टरनी दारातच अडवलं.

"खात न्हाय म्हणून हितं आणला न्हवं त्याला?" आत्यांचा आवाज वॉर्डभर गेला. "आता आई खायाला घिऊन आली तर न्हाय म्हणताय. ह्यो कसला दवाखाना?"

फिजिशियन मॅडम तिथंच होत्या. त्यांनी आत्यांना बाजूला बसवलं आणि शांतपणे समजावलं. आत्या बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दुष्काळात उपाशी ऱ्हायल्यालं मेंढरू एकदम हिरव्यात सोडलं की फुगून मरतंय. तसंच का?"

"अगदी तसंच नाही, पण जवळपास तसंच," मॅडम म्हणाल्या.

आत्यांनी डबा परत पिशवीत ठेवला. ते मटण शेवटी बाजूच्या कॉटवरच्या पेशंटच्या नातेवाइकांनी खाल्लं आणि फार चांगलं झालंय म्हणाले. आत्या त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

हॉस्पिटलातले दिवस लांब होते. सिस्टर वाटीभर पेज आणून ठेवायच्या आणि संपेपर्यंत शेजारी उभ्या राहायच्या. अंकुश यांना घाम फुटायचा. उंच इमारतीच्या कठड्यावर उभ्या केलेल्या माणसासारखा चेहरा व्हायचा. समोर असायची फक्त पेज. ते बघितल्यावर "खा की, त्यात काय एवढं" हे वाक्य माझ्या तोंडून कायमचं गेलं.

मी ज्यांची वेळ घेतली होती त्या समुपदेशक मॅडमनी आम्हाला पुष्कळ गोष्टी उलगडून सांगितल्या. उपाशी मेंदू चोवीस तास अन्नाचाच विचार करतो, म्हणून रेसिपीचे व्हिडिओ, म्हणून दुसऱ्याला खाऊ घालणं. अंगावरची चरबी गेली की थंडी वाजते, म्हणून स्वेटर. ऊब धरायला शरीर लव उगवतं. मेंदूला इंधन कमी पडलं की माणूस चिडतो आणि हट्टी होतो, त्यामुळं नवरा बदलला असं समजू नका, त्याला आधी जेवू द्या. गोळ्यांचा उपयोग या आजारात मर्यादित आहे. आधी अन्न, मग बोलणं, आणि दोन्ही पुष्कळ दिवस.

बोलण्यात काय निघालं ते सगळं मला माहीत नाही, विचारायचंही नाही. एक गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. सासऱ्यांचा पाय काढायचा ठरला तेव्हा संमतीची सही अंकुश यांनी केली होती, कारण आत्यांना लिहिता येत नव्हतं. एकोणीस वर्षांचा मुलगा. त्यानंतर या विषयावर त्यांच्याशी कुणीही एक शब्द बोललं नव्हतं.

घरी आल्यावर नियम ठरले. दिवसातून सहा वेळा खायचं, मी सोबत बसणार किंवा आत्या, त्या आता आमच्याकडंच राहिल्या होत्या. चालणं बंद. घरातला वजनकाटा रफीकभाई घेऊन गेले. वजन फक्त दवाखान्यात, काट्याच्या आकड्याकडं पाठ करून. आणि आम्हा सगळ्यांना एक पथ्य होतं. त्यांच्या ताटाबद्दल आणि अंगाबद्दल बोलायचं नाही. चांगलंही नाही. "आज छान जेवलात" असंही नाही, कारण त्यांना ते "आज फार जेवलात" असं ऐकू येतं.

हे पथ्य आत्यांना फार जड गेलं. आमच्याकडं माया बोलूनच दाखवतात. बारीक झालास, जाड झालास, अजून एक घे, माझी शपथ. हे सगळं बंद केलं तर आईनं करायचं काय? त्या जेवताना पदर तोंडाला लावून बसायच्या.

बरं होणं सरळ वाटेनं झालं नाही. पावसाळ्यात ते कामावर परत रुजू झाले. दिवाळीनंतर एका लग्नात लांबच्या पाहुण्यानं त्यांच्या पोटावर थाप मारली. "आता भरलास बघ गड्या!" तो प्रेमानंच म्हणाला. अंकुश हसले. त्या दिवसापासून डब्यातली पोळी ते कमी खायला लागले. मला ते डब्यावरून कळलं नाही, डबा रिकामाच यायचा. संध्याकाळी ते कामावरून आले, चप्पल न काढता दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "रेखा, आज मी जेवलो नाही. कालही नाही. तू विचारशील तेव्हा खोटं सांगायचं ठरवलं होतं. वाटेत वाटलं, आधीच सांगावं."

मी गॅस लावला आणि दूध गरम करायला ठेवलं. दूध त्यांनी घेतलं. पेला संपायला बराच वेळ लागला, पण संपला. दुसऱ्या दिवशी आम्ही समुपदेशक मॅडमकडं गेलो. त्या म्हणाल्या, आजारी माणूस स्वतःहून सांगतो तेव्हा तो आजारापासून थोडा वेगळा झालेला असतो. पडणं होईल, पण आता सांगणं आहे.

ज्यांच्या घरात असं काही चाललं असेल त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. वजन उतरणं हे लक्षण फार उशिरा ओळखू येतं, कारण तोवर सगळे कौतुक करत असतात. त्याआधी भीती दिसते. तेल जास्त पडलं म्हणून माणूस ताटावरून उठला, ठरलेला व्यायाम चुकला म्हणून दिवसभर तोंड पाडून बसला, चारचौघांत जेवायचं टाळू लागला, आणि ठरवलेलं वजन गाठल्यावर थांबण्याऐवजी नवा आकडा धरला, तर रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना एकट्यानं भेटून घरात काय दिसतं ते सांगा. चक्कर, छातीत धडधड, फार मंद नाडी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाई असो, पुरुष असो, कॉलेजातली मुलगी असो की पन्नाशीचा गृहस्थ. आणि घरात लहान मूल असेल तर ते सगळं ऐकत असतं, हे धरून चाला. स्वराशीही समुपदेशक मॅडम दोन-तीनदा खेळता खेळता बोलल्या. ती आता सगळं खाते, कारली सोडून.

अंकुश पूर्ण बरे झालेत असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. शेंगाचटणी ते आता खातात, तळलेलं अजून नाही. महिन्यातून एकदा दवाखान्यात जातो. त्या फिजिशियन मॅडमची बदली झाली. त्यांना आम्ही नीट धन्यवाद दिले नाहीत, ते राहून गेलं. खुर्ची ओढून बसायला त्यांना काही फार वेळ लागला नव्हता.

यंदा पौषात आम्ही गावाकडं गेलो. शेतात आगटी पेटवली होती. आत्या कणसं भाजून तळहातावर चोळत होत्या, हिरवा कोवळा हुरडा ताटलीत पडत होता. स्वरा गुळाच्या खड्यासाठी मागं लागली होती. अंकुश माझ्याशेजारी पोत्यावर बसले होते. त्यांनी एक मूठ घेतली, सावकाश खाल्ली. मी दुसरीकडं बघत होते, आता सवय झाली आहे.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आई, अजून हाय का?"

आत्यांचे हात थांबले. दोन वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले. काय काय बोलायचं होतं ते मला तिथं बसून कळत होतं. त्यांनी एक भरलेलं कणीस उचललं, निखाऱ्यावर फिरवलं, चोळून दाणे लेकाच्या हातावर ठेवले. मग तोंड फिरवून लांब चरणाऱ्या मेंढरांकडं बघत म्हणाल्या,

"आवंदा ज्वारी लई चांगली आलीया."

"व्हय की," अंकुश म्हणाले, आणि खात राहिले.